माझ्या वितीचं खोकं

मंगळवार, ९ जुलै २०१९

३ जुलैच्या नोंदीत मी लिहिलं आहे की एका स्पीकरचं खोकं “तातांगनी लहान करायला सांगितलं म्हणून” लहान केलं. ते खरं नाही. तातांगनी, माझ्या वडिलांनी, तसं काही सांगितलं नव्हतं. त्यांनी कागदावर लिहून दिलं होतं: रुंदी अडीच वीत, उंची दोन वीत, खोली सव्वा वीत. आमच्या कारखान्यात संतांच्या मूर्ती आणि त्यांचे देव्हारे वितीनं मोजतात, तशीच गिटारच्या स्पीकरची खोकीही वितीनंच मोजतात. आणि वीत म्हणजे तातांगची वीत, नऊ इंच. हे मला सहाव्या वर्षापासून माहीत आहे. शाळेत जाण्याआधी मी आकडे त्यांच्याच हातावर शिकले.

त्या दिवशी त्यांची पट्टी सापडेना. मी माझाच हात फळीवर ठेवला आणि मोजत गेले. माझी वीत साडेसात इंच भरते. फळ्या कापून, कोपऱ्यांचे दाते एकमेकांत बसवून, सरस वाळल्यावर स्पीकर आत ठेवला, तेव्हा कडेला जेमतेम दोन बोटं जागा उरली. मग मी या वहीत खोटं लिहिलं. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही. म्हणजे मी कोणाला फसवत होते, ते मला अजून कळलेलं नाही. जुनी ओळ खोडत नाही. दुरुस्ती इथे केली आहे.

हे खोकं बापा तेरोयच्या कामातलं पहिलं. बापा तेरोय आमचे सख्खे काका नव्हेत, तातांगचे जुने मित्र. चाळीस वर्षं लग्नांत आणि जत्रांत गिटार वाजवतात. त्यांना घरी आणि स्टेजवर, दोन्हीकडे चालेल असं काहीतरी हवं आहे. सोळा ऑगस्टला सान रोके या संताचा सण आहे, त्या दुपारी त्यांचा बँड वाजणार. तातांग म्हणाले, “हे काम तुझं. मोठं करायचं की लहान, एक स्पीकर की चार, तू ठरव. मी शेवटी ऐकीन.”

शेवटी ऐकणं म्हणजे काय, ते आमच्या घरात सांगावं लागत नाही. तातांगनी ऐकून “जाऊ दे” म्हटल्याशिवाय एकही खोकं दाराबाहेर गेलेलं नाही. दोन शब्द मिळाले तर पुढची कामंही माझी. नाही मिळाले तर मी पुन्हा संतांच्या पायाची बोटं कोरत बसेन. ती मला चांगली जमतात, म्हणूनच दुसरं काही कोणी देत नाही.

गुरुवार, ११ जुलै

बापा तेरोय सकाळी आले. दारातूनच ओरडले, “काय गं ओरेत, बाप जिवंत आहे ना तुझा? की त्यालाही कोरून कोनाड्यात बसवलंस?”

“या बापा, बसा. कंबर कशी आहे?”

“कंबर? ती आता माझ्याकडे नसते. गेल्या लग्नात तुमचं ते कपाट जिन्यावरून उतरवलं ना, तिथेच राहिली.”

कपाट म्हणजे त्यांचं चार स्पीकरचं खोकं. तातांगनी सत्तावीस वर्षांपूर्वी करून दिलेलं. पुढच्या बाजूला द्राक्षांचे वेल कोरलेले, आणि उचलायला दोन माणसं, तीही भांडलेली नसलेली.

“बायको म्हणते, घरात एक तर हे राहील नाहीतर मी.”

इमा, माझी आई, तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “मग काय ठरवलंत?”

“बायकोला भाऊ आहेत गं. कपाटाला माझ्याशिवाय कोण आहे?”

इमानं त्यांच्या अंगावर तांदळातला खडा फेकला.

मग त्यांनी खरी अडचण सांगितली. घर भिंतीला भिंत लावलेलं. वर मुलीचं बाळ, तीन महिन्यांचं. “अ‍ॅम्पच्या आवाजाचं बटण एकवर ठेवलं तर गिटार मेल्यासारखी वाजते. सव्वावर नेलं की नात उठते. एक आणि सव्वा यांच्यामध्ये माझा सगळा रियाज अडकलाय. आणि जत्रेत हाच अ‍ॅम्प सहावर न्यावा लागतो. मला एक असं खोकं दे, जे घरी मांजर आणि बाहेर वाघ.”

मी म्हणाले, “असं एक खोकं मला तरी माहीत नाही, बापा.”

“मग शोध. म्हातारा माणूस आहे मी, लाड कर.”

मी त्यांना माझं लहान खोकं जोडून दिलं. ते कसं लहान झालं, ते सांगितलं नाही. त्यांनी अ‍ॅम्प दोनवर नेला, मग अडीचवर. गिटारला हळू आवाजातही अंग होतं. ते थांबले आणि खोक्याकडे बघून म्हणाले, “अरे, हे तर बोलतं.”

तेवढ्यात तातांग मागच्या खोलीतून आले. हल्ली ते करतात तसा त्यांनी तळहात खोक्याच्या पाठीवर ठेवला, आणि डोळे मिटून ऐकलं. “गोणपाटातून येतोय आवाज,” म्हणाले, आणि ट्रेबलचं, बारीक आवाजाचं, बटण शेवटपर्यंत फिरवलं.

बापा तेरोयनी तोंड वाकडं केलं. “मेलचोर, दाढ भरायची आहे का माझी?”

इमा हसली, मीही हसले. तातांगनी आमच्याकडे पाहिलं आणि मग तेही हसले. “आता उघडला आवाज,” म्हणाले आणि आत गेले.

मला बटण मध्यावर असताना आवडलं होतं. पण मला आवडणं हा काही पुरावा नाही. दुकानाच्या आवाजाच्या वहीत आज काहीच लिहिलं नाही.

शनिवार, १३ जुलै

आज तातांगना खरं सांगून टाकलं. ते पटाशीला धार लावत होते, पाठ माझ्याकडे होती. समोरून सांगायचा धीर झाला नसता. म्हटलं, “तातांग, ते लहान खोकं मी माझ्या वितीनं मोजलं. चुकून.” त्यांनी उत्तर दिलं नाही. पटाशी दगडावर घासत राहिले. मी थोडा वेळ उभी राहिले आणि परत आले.

वडील म्हणून ते रागावले नसते. उस्ताद म्हणून रागावले असणार. बरोबरच आहे.

मंगळवार, १६ जुलै

आज तीन खोकी बास्केटबॉलच्या मैदानावर नेली. सणाच्या दिवशी स्टेज तिथेच असतं, पत्र्याच्या छपराखाली. बापा तेरोयचं चार स्पीकरचं कपाट, दुकानातलं तयार दोन स्पीकरचं, आणि माझं. बापा तेच ते चार ठेके वाजवत राहिले. मी खडू घेऊन चालत होते. दर पाच पावलांवर थांबायचं, ऐकायचं, जमिनीवर खूण करायची.

जे दिसलं ते जसंच्या तसं लिहिते. कपाटाच्या अगदी समोर आवाज बोचतो. तिथून पाच पावलं बाजूला झालं की तोच आवाज लोकरीत गुंडाळल्यासारखा. बारीक, तीव्र आवाज स्पीकरमधून टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो. झोतात उभं राहिलं की डोळे दिपतात, बाहेर अंधार. आणि वाजवणारा स्वतः झोतात नसतोच. कपाट त्याच्या गुडघ्यापाशी, कान वर.

मी हे सांगितल्यावर बापा तेरोय म्हणाले, “म्हणजे चाळीस वर्षं मी स्वतःच्या पोटऱ्यांना गिटार ऐकवतोय.”

“आणि तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून तुम्ही ट्रेबल वाढवता.”

“आणि पहिल्या रांगेत वधूची आई बसलेली असते.” त्यांनी छातीवर क्रूस काढला. “देव मला क्षमा करो. त्या सगळ्या आया!”

माझं एका स्पीकरचं खोकं जवळून चांगलं, पण त्यांच्या मेहुण्यानं ड्रम सुरू केले तसं ते ढोलांच्या खाली दबलं. दोन स्पीकरचं पुरेसं वाटलं. फक्त तेही उचलताना बापांनी कंबरेवर हात ठेवला.

तातांग सगळा वेळ कपाटाच्या नेमके समोर उभे होते. खाली जमिनीवर माझी खूण होती, ‘सर्वांत बोचरं’. त्यांचे बूट त्या अक्षरांवरच होते. ते म्हणाले, “अजून जरा तिखट हवं.”

मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. मला डोळे मिटावेसे वाटले. दोघांपैकी एकाचा कान चुकत होता. मी वहीत लिहिलं: ‘माझा कान फार नाजूक असावा. सवय करावी.’

शुक्रवार, १९ जुलै

विशेष काही नाही. संध्याकाळी ओट्यावर बसलो असताना तातांग म्हणाले, “यंदा रातकिडे नाहीत. शेतात फवारतात ना, त्यानं मेले.” इमा म्हणाली, “हो, असेल.” मला आमच्या अंगणात तरी ऐकू येत होते, भरपूर. पण ते शेताबद्दल बोलत असतील.

रविवार, २१ जुलै

वाईट दिवस. पूर्ण लिहिते.

चर्चमधली मिसा संपवून आम्ही घरी येतो तर लुबाओ गावचा एक बँडवाला दारात, टेम्पोत दोन स्पीकरचं खोकं घेऊन. मार्चमध्ये आमच्याकडून नेलेलं. माणूस सभ्य होता. टोपी हातात धरून बोलला, “मेस्त्रो, रागावू नका. लाकूड सोन्यासारखं आहे. पण आवाज कानात सुई घातल्यासारखा येतो. आमची गायिका आता त्याच्या बाजूला उभी राहत नाही.”

तातांग म्हणाले, “अ‍ॅम्प बदलून पाहिलात?”

“तीन पाहिले.”

तातांग माझ्याकडे वळले. “ओरेत, त्या खोक्याबद्दल वहीत काय लिहिलंय?”

दुकानाची आवाजाची वही तातांगनी यंदा जानेवारीत सुरू केली. प्रत्येक खोकं तयार झालं की ते ऐकायच्या आधी मी ऐकायचं आणि मला काय वाटलं ते लिहायचं, असं त्यांनी ठरवून दिलं, मला शिकवण्यासाठी. मी पान उघडलं. लिहिलेलं होतं, ‘स्वच्छ’. मी तसं वाचून दाखवलं.

पण त्या शब्दाखाली रबरानं खोडल्याची खूण आहे. मी आधी ‘तिखट, फार’ लिहिलं होतं. मग तातांगनी ऐकलं आणि म्हणाले, “छान स्वच्छ आहे, जाऊ दे.” मी ‘तिखट’ खोडून ‘स्वच्छ’ लिहिलं, म्हणजे माझी चूक दिसू नये.

तातांगनी वही माझ्या हातातून घेतली. पान खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं. खोडलेलं वाचता येतं की नाही, मला माहीत नाही. त्यांनी वही मिटली, लुबाओच्या माणसाला म्हणाले, “स्पीकर बदलून देतो. चूक आमची.” आणि मला म्हणाले, “यापुढे पेननं लिही.”

एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.

बुधवार, २४ जुलै

सापडलं. सकाळी साडेनऊला, माझ्या लहान खोक्यावर बसून पांदेसालचा पाव कॉफीत बुडवताना. त्याच्या शेजारी तेवढंच उंच स्टूल होतं. स्टूल उचलून खोक्यावर ठेवलं तर माझ्या कंबरेपर्यंत आलं.

एक खोकं नाही. दोन. दोन्ही लहान, दोन्ही सारखी, प्रत्येकात एक स्पीकर. एक घरी, पलंगाशेजारी. त्याला अ‍ॅम्प दोनवर नेता येतो आणि बाळ झोपतं. जत्रेला जाताना दोन्ही न्यायची आणि एकावर एक ठेवायची. वरचा स्पीकर कंबरेशी येतो, जरा मागे कलवला की त्याचा झोत सरळ वाजवणाऱ्याच्या कानाकडे. मग त्याला स्वतःचं ऐकू येतं, आणि तो ट्रेबल वाढवत नाही. वधूच्या आया वाचतात. उचलायला एका हातात एक, कंबर सरळ.

आवाज पुरेल का, हा प्रश्न मी स्वतःला तीन वेळा विचारला. पुरेल. मागच्या रांगेपर्यंत पोचवणं हे आता खोक्याचं काम नाही. मंडपवाले स्पीकरसमोर माइक लावतात आणि त्यांचे मोठे भोंगे ते काम करतात. खोक्यानं फक्त स्टेज भरायचं. चार स्पीकरचं कपाट आम्ही अजून करतो, कारण तातांगच्या तरुणपणी माइक फक्त गायकाला मिळायचा.

जोडणीची एक भीती होती, ती सोडवली. एक खोकं जोडलं तर अ‍ॅम्पच्या मागची कळ आठवर, दोन जोडली तर चारवर, नाहीतर अ‍ॅम्प जळतो. बापा तेरोय विसरतील. म्हणून दोन्ही खोक्यांच्या पाठीवर रंगानं लिहिणार: एक असेल तर ८, दोन असतील तर ४, आधी कळ, मग वायर.

दुसरं खोकं पहिल्यासारखंच हवं. म्हणजे ते माझ्याच वितीनं मोजावं लागणार. आज फळीवर हात ठेवताना मला लाज वाटली नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते.

मंगळवार, ३० जुलै

दुसरं खोकं झालं. प्लायवूड चांगलं निघालं, कोपरे एकदम घट्ट. बापा तेरोयना बोलावलं. अंगणात एकावर एक ठेवून दिली, वरचं जरा कलतं. तातांग बाजूला, इमा ओट्यावर.

बापांनी पहिला सूर छेडला आणि चमकून मागे पाहिलं, कोणी हाक मारल्यासारखं. “अगं, ही माझी गिटार आहे?”

“तुमचीच, बापा.”

“चाळीस वर्षांत पहिल्यांदा भेटतोय आम्ही.” मग त्यांनी एक जुनं नाचाचं गाणं लावलं, आणि इमा तिथल्या तिथे पायानं ठेका धरू लागली. मी अंगणाच्या चारही कोपऱ्यांत जाऊन आले. कुठेही बोचत नव्हतं. पेननं लिहिलं: ‘स्वच्छ. भरलेला. तिखट नाही.’

तातांगनी तळहात खालच्या खोक्यावर ठेवला, मग वरच्या. “अंग चांगलं आहे,” म्हणाले. “पण बंद आहे. उघड जरा.” बापांनी ट्रेबल वाढवलं. “अजून.” बापांनी शेवटपर्यंत नेलं आणि आवाजही वाढवला, आणि तेवढ्यात गिटारचं तोंड खोक्याकडे वळलं.

शिट्टी सुटली. अशी बारीक, उंच शिट्टी की शेजारचा कुत्रा रडायला लागला. मी वही टाकून कान झाकले. इमानं झाकले. बापा तेरोयच्या दोन्ही हातांत गिटार होती, ते डोळे घट्ट मिटून बटण शोधत होते.

तातांग तसेच उभे होते. तळहात खोक्यावर, चेहरा शांत. वाट बघत होते. म्हणाले, “थांबलास का? वाजव ना.”

बापांनी बटण बंद केलं. बापा तेरोयनी इमाकडे पाहिलं. इमा आपल्या चपलांकडे बघत होती. काही चिकटलं असावं.

मग बापा म्हणाले, “वाजवतो, मेलचोर. वाजवतो.” आणि बटण मध्यावर आणून पुन्हा तेच गाणं वाजवलं, पहिल्यापेक्षा हळू.

बुधवार, ३१ जुलै

मला वाटतं तातांगना बारीक आवाज ऐकू येत नाहीत.

हे वाक्य लिहायला सकाळपासून दुपार झाली. पण घाई करून चालणार नाही, म्हणून मी दुकानाची वही घेऊन बसले. जानेवारीपासून अकरा खोकी. ज्यांच्याबद्दल मी आणि तातांग एकमत होतो अशी चार. ती चारही जाड आवाजाची, बेस गिटारची. उरलेल्या सातांत मी आधी ‘तिखट’ लिहून नंतर खोडलेली पाच. त्या पाचांतली, लुबाओचं धरून, दोन परत आली आहेत. रातकिडे मेलेले नाहीत. तेराव्या तारखेला मी मागून सांगितलं तेव्हा ते रागावलेले नव्हते.

म्हणजे सहा महिने मी माझा खरा कान खोडून त्यावर त्यांचा लिहीत होते. त्यांनी विश्वासानं माझ्या हातात वही दिली आणि मी त्यांना आरसा दाखवावा तसं त्यांचंच उत्तर परत दिलं. चूक कानांची नाही. चूक रबराची आहे.

सर्वांत मोठी काळजी ही, की त्यांना स्वतःला याची कल्पना नाही. असती तर ते अजून खोकी ऐकायला उभे राहिले नसते. सत्तावीस वर्षं लोक त्यांच्या कानावर विसंबून येतात. असा माणूस एकाएकी कसा ओळखेल? उलट त्यांनी याच वर्षी माझ्या शिक्षणाचं मनावर घेतलं. वही सुरू केली. ऐकायच्या आधी “तू काय लिहिलंस?” असं विचारायला लागले. बापा तेरोयचं अख्खं काम माझ्यावर सोडलं. एवढं चांगलं चाललेलं असताना मी जाऊन त्यांना हे सांगायचं.

इमाला विचारलं, “तातांगना हल्ली कमी ऐकू येतं का?” ती म्हणाली, “पुरुषाला बायकोचं कधीच ऐकू येत नाही. भाजी चिर.” म्हणजे तिच्याही लक्षात आलेलं नाही.

रविवार, ४ ऑगस्ट

तातांगनी आज स्वतःहून विषय काढला. मी रंग देत होते, खोक्याच्या पाठीवर, ‘आधी कळ, मग वायर’. ते येऊन समोर बसले. उजवा हात उघडून खोक्याच्या वरच्या कडेवर ठेवला. वीत टाकली, पुन्हा टाकली, उरलेली जागा बोटांनी मोजली.

“ही तुझ्या वितीनं आहेत.”

“हो.”

“पहिलं चुकून. दुसरं?”

“मुद्दाम.”

त्यांनी मान हलवली. “पहिल्याच दिवशी कळलं होतं मला. वाटलं, आता ही पोरगी तोडते आणि पुन्हा करते. तोडलं नाहीस.”

“तोडणार होते. मग बापांनी वाजवून पाहिलं.”

“आणि मी म्हटलं बंद आहे.”

“हो.” मी ब्रश खाली ठेवला. “तुम्ही म्हणत असाल तर अजून बदलता येईल, तातांग. समोरची फळी कापून, दुसरा स्पीकर घालून…”

ते एकदम चिडले. खूप दिवसांनी असे चिडले. “मी म्हणत असेन तर! मी म्हणालो तर तू हात कापून देशील का? वहीत काय लिहिलंयस ते सांग. पेननं लिहिलंयस ना?”

“हो.”

“वाच.”

मी वाचलं. “स्वच्छ. भरलेला. तिखट नाही.”

“मोठ्यानं.”

मी मोठ्यानं वाचलं. ते माझ्याकडे बघत होते, डोळ्यांकडे नाही, जरा खाली. मग उठले, रंधा घेतला आणि दुसऱ्याच फळीवर चालवायला लागले. “जाऊ दे” म्हणाले नाहीत. मी पाच मिनिटं वाट पाहिली. बहुतेक त्यांना खोकी अजून नापसंतच आहेत.

पण एक गोष्ट मला आता माहीत आहे, आणि ती मी पेननं लिहिते: खोकी चांगली आहेत. त्यांनी पसंत केली नाहीत तरी चांगली आहेत. मी चारही कोपऱ्यांतून ऐकलं आहे.

शुक्रवार, ९ ऑगस्ट

बापा तेरोयचा फोन. “ओरेत, सण आठवड्यावर आला. मंगळवारपर्यंत माझ्या मांजर-वाघाची जोडी आली नाही, तर मी कपाट घेऊन जातो. आणि तसं झालं तर माझ्या कंबरेसाठी चर्चमध्ये आधीच प्रार्थना सांगून ठेव.”

“मंगळवारी येतील, बापा.”

“मेलचोर हो म्हणाला?”

“मी म्हणतेय.”

मग म्हणाले, “बरं झालं. उशीर केलास, पण बरं झालं.” उशीर कसला, मंगळवार वेळेतच आहे. विचारायचं राहिलं.

फोन ठेवून मी तातांगकडे गेले. ते संत इसिद्रोचा बैल कोरत होते. मी त्यांच्या समोर, उजेडात जाऊन उभी राहिले. आता तशीच उभी राहते. विचारलं नाही. सांगितलं. “बापा तेरोयची खोकी मंगळवारी जाणार.”

“कोण म्हणालं?”

“मी.”

त्यांनी बैलाच्या शिंगावरचा भुसा फुंकला. “बरं. ती गोल पटाशी दे.”

मी पटाशी दिली. दुकानाच्या वहीत ‘ऐकलं’ या रकान्यात आजवर एकच नाव आहे. आज तिथे मी ‘लोरेता’ लिहिलं, पूर्ण, पेननं. याचा परिणाम काहीही झाला तरी तो माझ्या नावावर.

आता राहिलं एकच, त्यांना सांगणं. ते टाळलं तर मी पुन्हा रबर हातात घेतल्यासारखं होईल. दुकानात नको, तिथे भिंतीवर त्यांचे सगळे संत बघत असतात. इमासमोरही नको. वाटेत सांगेन. जीपनी गाडीत शेजारी बसले की त्यांच्या उजव्या कानाशी हळू बोलता येतं. तो बरा आहे, मी पाहिलं आहे. वाक्यंही ठरवली आहेत. आधी म्हणेन, खोकी करणं मला तुमच्याच हातांनी शिकवलं. मग रातकिड्यांचं. मग म्हणेन, तुम्ही तळहातानं ऐका, बारीक आवाज मी ऐकते, आणि आपण दोघं मिळून एक कान होऊ.

प्रश्न होता त्यांना सोबत कसं न्यायचं. तो आपोआप सुटला. जेवताना मी इमाला म्हणाले, मंगळवारी सान फर्नांदोला जायचं आहे, खोकी पोचवायला. ती म्हणाली, “मग तातांगनाही घेऊन जा. त्यांना त्या दिवशी तिकडेच बोलावलंय, साडेदहाला. मार्केटमागे, दुसऱ्या मजल्यावर. नंबर लागतो, उशीर करू नका. मागच्या खेपेचे कागदही घ्या.”

“कसलं काम?”

“त्यांचं ते. तिसरी खेप आहे. आधी बस बदलत जायचे बिचारे.” आणि तिनं माझ्या ताटात न विचारता आणखी एक मासा वाढला.

मार्केटमागे पटाश्या विकणारा कोणी आहे का, मला माहीत नाही. असेल. पण वेळ छान जुळते. मंगळवार, तेरा ऑगस्ट. सातला खोकी चढवायची, साडेआठपर्यंत बापा तेरोयच्या दारात, तिथून निघाल्यावर रस्त्यात सांगायचं. साडेदहाच्या आत, म्हणजे त्यांचं काम अडणार नाही.